शक्तीच्या गोळ्या

आमच्याकडे आजाऱ्याला त्याचा आजार सांगायची पद्धत नाही. शेजाऱ्याला सांगतात, पाहुण्यारावळ्यांना सांगतात, दारावर फुलं घेऊन येणाऱ्या बाईलाही सांगून टाकतात. ज्याला झालाय त्याच्यापुढे मात्र सगळे तोंडावर बोट ठेवून बसतात, आणि ह्याला आम्ही माया म्हणतो. निपाणी-अथणीकडची आम्ही माणसं. बंगळुरात अर्धं आयुष्य गेलं, मुलं घरात इंग्रजीतून भांडायला लागली, चहातली साखर गेली, पण ही खोड काही गेली नाही. दयानंद माझा चुलतभाऊ. त्याला एकट्यालाच दोष द्यायला नको, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

बंगळुरातल्या पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत दयानंदचा छोटा कारखाना आहे. मोठ्या यंत्रांत बसवायचे बुश तिथं तयार होतात. राहायला मल्लेश्वरमात, एका जुन्या घराच्या तळमजल्यावर. बायको धनलक्ष्मी अथणीची, मराठी आणि कानडी दोन्हींत सारखीच तोंडाळ. एकुलती मुलगी अश्लेषा संगणकाच्या कंपनीत, घरूनच काम करणारी. मी बनशंकरीला राहते, पण सणावाराला माझी पावलं तिकडेच वळायची, कारण धनलक्ष्मीच्या हातची कटाची आमटी माझ्या सात पिढ्यांत कुणाला जमली नसती.

आषाढातल्या एका सकाळी धनलक्ष्मी डोसे घालत होती. “डोक्यात काहीतरी फुटलं गं,” असं अश्लेषाला म्हणाली, गॅस बंद केला आणि तिथंच खाली बसली. ओकारी झाली, मग शुद्ध गेली. एवढ्या कळेतही तिनं गॅस बंद केला, हे अश्लेषा अजून सांगते.

हॉस्पिटलात डॉक्टर सुधींद्र होते. मेंदूच्या नसांचेच डॉक्टर. त्यांनी बाप-लेकीला पडद्यावर चित्र दाखवलं. मेंदूकडे जाणाऱ्या उजव्या बाजूच्या मोठ्या नसेवर एका ठिकाणी फोड आला होता, आणि तो फुटून मेंदूभोवती रक्त पसरलं होतं. एरवी नसेला असा फुगा येतो तेव्हा त्याच्या गळ्याशी चिमटा लावता येतो, नाहीतर आत बारीक तारेची वेटोळी भरता येतात. ह्या फोडाला गळाच नव्हता. भिंत इतकी पातळ की चिमटा लावायला जावं तर नसच फाटायची. पुन्हा फुटला तर बाई हाती लागायची नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. उपाय एक होता, तोही जोखमीचा. जांघेतून बारीक नळी वर नेऊन नसेच्या आत अस्तर लावलेला स्टेंट बसवायचा. हृदयात घालतात तशीच जाळी, फक्त हिच्यावर पातळ पडदा ताणलेला. फोडाचं तोंड आतून झाकलं गेलं की रक्त तिकडे जाणं बंद.

दयानंदला हे चटकन कळलं. यंत्रातलं भोक घासून मोठं झालं की आतून स्लीव्ह बसवतो आम्ही, तसंच ना सर, असं त्यानं कानडीत विचारलं. डॉक्टर म्हणाले, तसंच, पण तुमच्या स्लीव्हवर तेल गोठत नाही, आमच्या अस्तरावर रक्त गोठू बघतं. म्हणून रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या रोज घ्यायच्या, सकाळ-संध्याकाळ, निदान वर्षभर. त्या थांबल्या तर नळी आतून बंद होईल, अर्ध्या मेंदूचं रक्त तुटेल, आणि मग आमच्या हातात फारसं काही राहणार नाही. हे त्यांनी दोनदा सांगितलं, एकदा कानडीत आणि एकदा अश्लेषासाठी इंग्रजीत.

स्टेंट बसला आणि फोड झाकला गेला. आठवडाभर सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. मग एका दुपारी धनलक्ष्मीनं डोळे उघडून नीट ओळखलं आणि पहिलं विचारलं, की पिठाचं काय केलंत. आमच्या जिवात जीव आला. दुसरं तिनं विचारलं, मला काय झालंय?

“काही नाही,” दयानंद म्हणाला. “अशक्तपणा. रक्त कमी पडलं, भोवळ आली. आता शक्तीच्या गोळ्या दिल्यात, त्या घेतल्या की झालं.”

हे त्यानं आधी ठरवलं नव्हतं, पण एकदा तोंडातून गेलं ते गेलं, आणि आम्ही सगळ्यांनी मान डोलावली. का, तर धनलक्ष्मी भित्री. साधं रक्त तपासायचं असलं तरी आदल्या दिवशीच तिच्या घशाखाली घास उतरत नसे. अथणीच्या तिच्या मावशीला गाठीचं नाव सांगितलं होतं, त्या दिवसापासून मावशी भिंतीकडे तोंड करून झोपली ती उठलीच नाही. त्यात डॉक्टरांनी बजावलेलं, की रक्तदाब चढता कामा नये. डोक्यातल्या नसेत पडद्याची नळी बसवलीय हे ऐकून हिचा रक्तदाब उतरणार होता थोडाच.

डॉक्टर सुधींद्रांना हे पटलं नाही. गोळ्या घेणाराला त्या कशाच्या आहेत ते माहीत असलंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दयानंद अक्षरशः हात जोडून म्हणाला, “स्वल्प टाइम कोडी, सर.” थोडा वेळ द्या. मग तो वेळ वाढतच गेला. श्रावणात नको, सणाचे दिवस. गणपतीत नको, घरात पाहुणे. पितृपंधरवड्यात असलं अभद्र बोलायचंच नसतं. शेवटी डॉक्टर म्हणाले, दसऱ्यानंतर दाखवायला याल तेव्हा मीच सांगणार, तुमचं काही ऐकणार नाही. दयानंद ‘सरी’, म्हणजे बरं, म्हणाला आणि सुटल्यासारखा घरी आला.

बाकी त्यानं काही कमी केलं नाही. गोळ्यांवरचं नाव तिच्या नजरेला पडू नये म्हणून तो पाकिटं फोडून त्या एका स्टीलच्या डबीत ठेवी. सकाळी कारखान्यात जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्या आल्या स्वतःच्या हातानं तिच्या तळहातावर ठेवी, पाण्याचा पेला धरून उभा राही. पीण्यात मशीन बंद पडलं तरी तो सहाची मेट्रो चुकवत नसे. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण बायकोच्या हातात पाणी देताना त्याला आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. मी चेष्टा केली तर म्हणाला, “अक्का, एकेक गोळी म्हणजे एकेक दिवस आहे.”

पण बायकांना डोळे असतात. नवरा वाळत चाललेला धनलक्ष्मीला दिसत होता. त्याचे शर्ट खांद्यावरून ओघळायला लागले होते. मध्येच जाग आली तर हा उशाशी बसलेला दिसे, तिचा श्वास बघत. ती स्वयंपाकघरात गेली की बाप-लेक हलक्या आवाजात बोलत, ती बाहेर आली की गप्प. कपाटातल्या एका फाइलला कुलूप. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डॉक्टरांकडे गेलं की ते हिच्याशी दोन शब्द बोलत, हात वर करा, बोट बघा, आणि ह्याला आत घेऊन अर्धा अर्धा तास बसत. तिनं आपल्या मनाशी हिशेब मांडला आणि उत्तर काढलं. मोठं दुखणं दयानंदला झालंय. माझा अशक्तपणा हे नुसतं निमित्त, मला आणायच्या नावाखाली हे स्वतःला दाखवतात. मला धक्का बसू नये म्हणून दोघं वेड घेऊन पेडगावला जातायत. आमच्याकडची रीत तिला काय माहीत नव्हती? आजाऱ्याला सांगत नाहीत तसं आजाऱ्याच्या बायकोलाही लवकर सांगत नाहीत. तिनं विचारलं नाही. विचारलं तर त्याला आणखी खोटं बोलावं लागेल, म्हणून विचारलं नाही. हे सगळं मला मागाहून जुळवत जुळवत कळलं.

नवरात्र आलं. घटासमोर बसून ती देवीला नवस बोलली, की नऊ दिवस फळं आणि दूध एवढ्यावर राहीन, ह्यांना उठवून उभं कर. घरात मात्र नुसतं म्हणाली, की यंदा कडक धरायचं मनात आहे. दयानंद घाबरला. अश्लेषानं हॉस्पिटलात फोन करून विचारलं. तिथल्या बाईनं सांगितलं, पाणी भरपूर प्यायला सांगा आणि गोळ्या चुकवू नका, बाकी चालेल. देवीचं काम, नाही कोण म्हणणार. गोळ्या तेवढ्या चुकवायच्या नाहीत, असं दोघांनी तिला दहादा बजावलं. ती बरं म्हणाली.

आता आमच्या घरातला उपवासाचा कायदा सांगायला हवा. तो दयानंदच्या आईचा, भागुबाई काकूंचा. औषधाला उपवास नाही, हे काकूही मानत. खोकल्याचं औषध, तापाची गोळी खुशाल घ्या. पण टॉनिक, शक्तीचं पातळ औषध, ताकदीच्या गोळ्या हे त्यांच्या मते खाणंच. पोट भरायचंही आणि उपवासाचं पुण्यही घ्यायचं, हे देवीला कळत नाही का, असं त्या विचारत. काकांची टॉनिकची बाटली त्या नवरात्रात माळ्यावर टाकत. धनलक्ष्मी त्यांच्याच हाताखाली तयार झालेली. दयानंदला आईचा हा कायदा पाठ होता. पण आपण बायकोला काय नाव सांगून ठेवलंय, त्याचा ह्या कायद्याशी काही संबंध येईल, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

घट बसले त्या सकाळी त्यानं गोळ्या पुढे केल्या. “ठेवा तिथं, पूजा झाली की घेते,” ती म्हणाली. सोवळ्यात होती, त्यानं हातावर ठेवल्या नाहीत, वाटीत ठेवल्या. आयुधपूजेआधी कारखाना धुऊन पुसून रंगवायचा असतो, त्यामुळे तो घाईत होता. संध्याकाळी आल्यावर त्यानं विचारलं, घेतल्यास का. घेतल्या, ती म्हणाली. संध्याकाळच्याही तिनं आरती झाली की घेते म्हणून वाटीतच ठेवून घेतल्या, आणि पुढे रोज तसंच. ह्या घरात खोटं बोलण्याचा मक्ता काही एकट्या दयानंदचा नव्हता. गोळ्या तिनं फडताळात एका पुडीत बांधून ठेवल्या होत्या, पारणं झालं की घ्यायला. आपल्याला आता भोवळ येत नाही, हिंडतो-फिरतो, शक्ती चार दिवस उशिरा आली तर काय बिघडलं, असा तिचा विचार. नऊ दिवस ती देवीशी चोख राहणार होती. नवऱ्याच्या जिवाचा प्रश्न होता.

मी ललितापंचमीला गेले होते. शेजारच्या कानडी घरी नवरात्रात मांडतात त्या बाहुल्या मांडल्या होत्या, त्या बघायला आम्ही दोघी गेलो. चेहरा उतरलेला होता, पण डोळ्यांत एक उजेड होता. परत येताना म्हणाली, वन्सं, यंदा देवी माझं ऐकणार बघा. मी म्हटलं, काय मागितलंस? ती हसली आणि सांगितल्यावर फळत नाही म्हणाली.

अष्टमीला सकाळी ती घटावरची माळ ओवत बसली होती. अश्लेषा बाजूच्या खोलीत मीटिंगमध्ये होती. सुई पडल्याचा आवाज काही येत नाही, पण धनलक्ष्मी स्वतःशीच बोलतेय असं तिला ऐकू आलं, म्हणून ती उठून आली. आई म्हणत होती, हा हात कुणाचा आहे, उचला की हा. डावा हात मांडीवरून घसरून फुलांत पडला होता आणि तो आपला आहे हे तिला कळत नव्हतं. तोंड एका बाजूला गेलं होतं. अश्लेषानं तिथूनच बापाला फोन केला आणि तिला घेऊन निघाली. दयानंद पीण्याहून सरळ हॉस्पिटलात पोचला, त्याच्या हातांना मशीनचा हिरवा रंग तसाच होता.

स्टेंट आतून बंद झाला होता. डॉक्टर सुधींद्रांनी पुन्हा जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढायचा प्रयत्न केला. थोडी निघाली, पुन्हा बसली. उजव्या बाजूचा मेंदू बराचसा गेला होता आणि तो आता सुजणार होता. बोलण्याचा भाग डावीकडे असतो म्हणून ती बोलत होती, बाकी डाव्या अंगाला जीव नव्हता.

डॉक्टर बाहेर आले ते चिडलेले होते. गोळ्या चुकल्याशिवाय असं सहसा होत नाही, असं म्हणाले. दयानंदनं शपथेवर सांगितलं, की एक वेळसुद्धा चुकलेली नाही, मी स्वतः देतो. तेव्हा डॉक्टर त्याला आणि अश्लेषाला घेऊन आत गेले आणि त्यांनी धनलक्ष्मीलाच विचारलं, कानडीत, अगदी हळू, की अम्मा, गोळ्या घेत होता ना?

ती कानडीतच म्हणाली, “औषध असतं तर घेतलं असतं, सर. औषधाला उपवास नसतो. त्या शक्तीच्या होत्या, म्हणून ठेवून दिल्या. दसऱ्याला घेणार होते.”

डॉक्टरांनी दयानंदकडे बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली. मला त्यांचं ते नजर खाली घेणं कळतं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं दयानंद नंतर म्हणाला.

बाहेर आल्यावर डॉक्टरांनी पुढचं सांगितलं. सूज वाढेल तशी तिला गुंगी येईल. कवटीचं हाड काढून मेंदूला जागा करून द्यायची शस्त्रक्रिया करू, पण फार आशा धरू नका. बोलायचं असेल ते आत्ता बोलून घ्या. ते गेले आणि अश्लेषा बापावर तुटून पडली. इतके दिवस तीही त्याच खोट्यात सामील होती, म्हणून तिचा राग जास्त होता.

“तिला आत्ता सांगा,” ती म्हणाली. “तिच्या डोक्यात काय होतं, त्या गोळ्या कशाच्या होत्या, आपण काय केलं, सगळं. काहीच न कळता जाऊ द्यायचं नाही तिला. तुम्ही नाही सांगितलंत अप्पा, तर मी सांगेन.”

“मी सांगतो,” दयानंद म्हणाला. तो खरंच सांगायला गेला होता, हे मी शपथेवर सांगेन.

आत धनलक्ष्मी वर बघत पडली होती. त्याची चाहूल लागताच म्हणाली, “बसा आधी. उभे राहू नका, दमता तुम्ही.” तो बसला. तिचा जिवंत असलेला हात त्यानं हातात घेतला. तुला एक सांगायचंय, एवढं कसंबसं म्हणाला.

“मला ठाऊक आहे,” ती म्हणाली. “कधीचं ठाऊक आहे.”

दयानंदला वाटलं, सुटलो. हिला सगळं माहीत होतं.

“तुम्हाला मोठं दुखणं आहे,” ती म्हणाली. “नाव नका सांगू, मला भीती वाटते. उपवास त्यासाठीच धरला होता. तुम्हाला उठवून उभं कर म्हटलं देवीला. आता मीच पडले. शेवटच्या माळा राहिल्या. तेवढ्यावरून देवी अडून बसेल का हो?”

दयानंदला तेव्हा कळलं, ती गोळ्यांशिवाय कुणासाठी राहिली होती ते. तो सांगतो, की मला ओरडावंसं वाटलं. खरं सांगावं तर तिला एवढंच कळणार होतं, की दुखणं तिचंच होतं, आणि नवऱ्याला वाचवायला म्हणून तिनं स्वतःच्या हातानं स्वतःचं औषध बंद केलं. ते ऐकून ती जाणार होती. काचेपलीकडे अश्लेषा उभी होती, बापाचे ओठ हलतायत का बघत.

“नाही अडली,” तो म्हणाला. “परवाच दाखवून आलो. काही राहिलं नाही म्हणाले. मी बरा झालो, धना.”

“माझी शपथ घ्या.”

खोटी शपथ ज्याची घ्यावी त्यालाच बाधते, असं आमच्याकडे मानतात. लहानपणापासून दयानंदनं कुणाच्या गळ्याची शपथ घेतली नव्हती. कारखान्यातली पोरं घ्यायची, तर हा त्यांच्यावर खेकसायचा.

“तुझी शपथ,” तो म्हणाला.

तिचा अर्धा चेहरा हसला. “मग बरं झालं,” ती म्हणाली. “मग मला काही वाटत नाही.” तिला झोप येऊ लागली होती. दयानंदनं नर्सला हाक मारली, माणसं धावत आली, त्याला बाहेर काढलं.

अश्लेषानं त्याचे दोन्ही दंड धरले. सांगितलंत का, सगळं सांगितलंत का, असं विचारत राहिली. तो सांगितलं म्हणाला. आई काय म्हणाली, असं तिनं विचारलं. दयानंद भिंतीला टेकून खाली बसला.

“बरं झालं म्हणाली,” तो म्हणाला. “मला काही वाटत नाही म्हणाली.”

अश्लेषा बापाच्या गळ्यात पडून रडली. धनलक्ष्मी त्या शस्त्रक्रियेतून उठली नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती गेली.

आईला शेवटी सगळं खरं कळलं आणि तिनं आपल्याला माफ केलं, ह्या एका गोष्टीवर अश्लेषा आज उभी आहे. जेवते, कामाला बसते, बापाशी नीट बोलते. खरं काय झालं ते दयानंदनं मला तेराव्याला सांगितलं, मागच्या अंगणात, हुंदके देत. आणि सांगून झाल्यावर डोळे पुसून मला बजावलं, “अक्का, पोरीच्या कानावर जाऊ देऊ नको. खचेल ती.”

मी बरं म्हटलं. मी अजून तिला सांगितलेलं नाही.